ल्युपसमधले विस्मरण

१० मे हा जागतिक ल्युपस दिन आहे. २००४ सालापासून हा दिवस पाळला जातो. त्यानिमित्त जे लेख प्रसिद्ध होतात त्यांत गालांवरचा फुलपाखराच्या आकाराचा चट्टा, सांध्यांची सूज, मूत्रपिंडांना पोहोचणारी इजा यांची माहिती असते, आणि ती असायलाच हवी. परंतु ल्युपस असलेल्या रुग्णांची एक तक्रार अशी आहे की, जी तपासणीच्या खुर्चीत बसून क्वचितच सांगितली जाते. औषधांची चिठ्ठी हाती पडते, रुग्ण उठते, दाराशी पोहोचते आणि मागे वळून म्हणते, "डॉक्टर, हल्ली माझ्या काही लक्षातच राहत नाही हो." बरोबर आलेले सासूबाई किंवा यजमान हसून म्हणतात, "तिचं लक्षच नसतं." विषय तिथेच संपतो. आज मला त्या दाराशी सांगितलेल्या वाक्याविषयी लिहायचे आहे.

हे विस्मरण कसे असते ते प्रथम सांगतो. गॅसवर दूध ठेवले आहे हे ध्यानात राहत नाही, हे तर प्रत्येक घरात घडते. इथे त्याहून थोडे निराळे घडते. वाक्य बोलता बोलता नेमका हवा तो शब्द हाती लागत नाही. झाऱ्याला 'ते तळायचं असतं ना, ते' असे म्हणावे लागते. वर्गात शिकवताना फळ्याकडे वळले की मागचा धागा तुटतो. हिशेबाची तीच बेरीज तीनदा करावी लागते. फोनवर बोलत बोलत कुकरच्या शिट्ट्या मोजणे पूर्वी सहज जमत असे, आता दोहोंपैकी एकच जमते. पुस्तकाचे पान वाचून होते आणि आपण काय वाचले ते सांगता येत नाही. आणि हे रोज सारखे नसते. सोमवारी डोके लख्ख असते, गुरुवारी डोक्यात कापूस भरल्यासारखे वाटते. इंग्रजीत यालाच 'ब्रेन फॉग' म्हणजे मेंदूवरचे धुके म्हणतात. डिसेंबरच्या पहाटे गोदावरीवर उतरलेले धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही उपमा चटकन पटेल. घाट तिथेच असतो, फक्त दिसत नाही.

नेमके हेच ल्युपसमध्ये होते. आठवणी पुसल्या जात नाहीत. अवधान, विचारांचा वेग, आणि दोन-तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवण्याची क्षमता, यांना प्रामुख्याने बाधा येते. जे नीट नोंदलेच गेले नाही ते आठवणार तरी कसे? रुग्णाला वाटते की आपली स्मरणशक्ती गेली. प्रत्यक्षात नोंदवहीत लिहिणारा हात मंदावलेला असतो.

ल्युपस हा स्वप्रतिरक्षा विकार आहे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच आपल्या पेशींना परके समजून त्यांच्यावर प्रतिपिंडे सोडते. दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना हा आजार पंधरा ते पंचेचाळीस या वयात, म्हणजे शिक्षण, लग्न, बाळंतपण, नोकरी या सर्व गोष्टी एकदम अंगावर असताना जडतो. आपल्याकडे तो किती जणांना आहे? दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात डॉ. आनंद मालवीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९९३ साली प्रसिद्ध झाली, तीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख. त्या हिशेबाने संपूर्ण जिल्ह्यात पावणेदोनशे ते दोनशे रुग्ण भरतील. माझ्या अनुभवाला हा आकडा फार तोकडा वाटतो. पाहणी लहान होती आणि निदानाच्या सोयी तेव्हा आजच्यासारख्या नव्हत्या. तथापि आजार दुर्मीळ आहे हे खरेच, आणि दुर्मीळ असल्यामुळेच रुग्णाच्या घरात, शेजारात, कचेरीत त्याची ओळख असलेले दुसरे कोणी सापडत नाही. मधुमेह म्हटले की चार जण सल्ला देतात. ल्युपस म्हटले की लोक विचारतात, "म्हणजे काय, कॅन्सर का?"

वैद्यकशास्त्राने हे विस्मरण मान्य केले आहे का, असा प्रश्न घरचे विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात खरा प्रश्न 'हे ढोंग तर नाही ना?' असा असतो. उत्तर असे की, १९९९ साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ल्युपसमध्ये मेंदू, मज्जातंतू आणि मन यांच्याशी संबंधित असे १९ विकार निश्चित केले. त्यांत फेफरे आहे, पक्षाघात आहे, मनोविकार आहेत, आणि बोधनक्षमतेतील बिघाड, म्हणजे आपण ज्याविषयी बोलत आहोत तोही आहे. त्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळे येते, कारण मोजण्याच्या पद्धती निराळ्या. परंतु तपशीलवार चाचण्या केल्या तर साधारण तीनांपैकी एका रुग्णामध्ये काही ना काही उणेपणा दिसतो. तेव्हा ढोंगाचा प्रश्न इथे निकालात काढावा.

कारणांविषयी थोडे. रक्तातील सगळेच पदार्थ मेंदूत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने रक्तवाहिन्यांच्या अस्तरात एक काटेकोर पहारा ठेवला आहे. जंतुसंसर्गासारख्या प्रसंगी तो सैल पडू शकतो. २००१ साली न्यूयॉर्कमधील डॉ. बेटी डायमंड यांच्या गटाने दाखवून दिले की ल्युपसमधील काही प्रतिपिंडे मेंदूतील स्मरणाशी निगडित असलेल्या ग्राहकांनाही जाऊन चिकटू शकतात. पुढे उंदरांवरील प्रयोगांत, पहारा सैल झाल्यावर ही प्रतिपिंडे मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात शिरून तेथील पेशींना इजा करतात असे आढळले. प्रत्येक रुग्णाच्या विस्मरणामागे हेच असते असे मात्र नाही. दुसरा मार्ग रक्ताच्या गुठळ्यांचा. ल्युपसच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असतात. त्यांमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, वारंवार गर्भपात होतात, आणि मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या बंद पडून तिथे लहान लहान इजा होऊ शकतात. ज्या स्त्रीला ल्युपस आहे आणि जिचे एकाहून अधिक गर्भपात झाले आहेत, तिने विस्मरणाची तक्रार केली तर ही प्रतिपिंडे तपासलेली आहेत की नाही ते मी आधी फाइलमध्ये शोधतो.

आता या लेखातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ल्युपस असलेल्या व्यक्तीला मेंदूविषयक तक्रार झाली म्हणजे ती ल्युपसमुळेच झाली, असे गृहीत धरू नये. आंतरराष्ट्रीय पाहण्यांत असे दिसले आहे की अशा तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींचे कारण दुसरेच असते. आणि त्या दुसऱ्या कारणांपैकी कित्येक तुमच्या घराजवळच्या साध्या दवाखान्यात सापडणारी आणि बरी होणारी आहेत.

शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किती आढळते हे मी वेगळे सांगायला नको. विसराळूपणा हे तिचे एक लक्षण असू शकते. थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा विकार ल्युपसच्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक दिसतो, आणि थायरॉइड मंदावले की विचारही मंदावतो. हिमोग्लोबिन आठ-नऊवर आले असेल तर डोके चालत नाही याचे नवल कसले! मूत्रपिंडांवर आजाराचा परिणाम झाला असेल तर रक्तदाब आणि क्रिएटिनिन पाहावे. स्टिरॉइडमुळे साखर वाढली आहे का ते पाहावे. या तपासण्या महागड्या नाहीत आणि त्यांसाठी मुंबई गाठावी लागत नाही.

त्यानंतर झोप. रात्री दोन वाजता जाग येते, सांधे ठणकतात, पहाटे डोळा लागतो तोच मुलांच्या डब्याची वेळ होते. अशा माणसाच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेणे हाच अन्याय आहे. स्टिरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर तीही झोप मोडते. ती सकाळी न्याहारीनंतर घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. मोठ्या मात्रेतील स्टिरॉइड स्वतःही चिडचिड, अस्वस्थता आणि विस्मरण निर्माण करते. मात्रा उतरली की हे बहुधा ओसरते. म्हणूनच आजचे संधिवाततज्ज्ञ प्रेडनिसोलोन शक्य तितक्या लवकर दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणण्याचा प्रयत्न करतात. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२३ च्या शिफारशींतही हेच आहे. परंतु हे उतरणे डॉक्टरांनी ठरवायचे. 'स्टिरॉइडने डोके बिघडते' असे वाचून कोणी ते एका दिवसात बंद केले, तर शरीराला स्वतःचे संप्रेरक बनवण्याची सवय मोडलेली असते आणि जीवावर बेतू शकते. झोपेच्या, ॲलर्जीच्या आणि नसांच्या दुखण्याच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. सर्व डॉक्टरांच्या सर्व गोळ्या एका पिशवीत घालून दवाखान्यात न्याव्यात, असे मी प्रत्येकाला सांगतो. पिशवी टेबलावर रिकामी केली की पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

नैराश्य हा यातला नाजूक भाग. चेहऱ्यावर चट्टे, केस गळतात, वजन वाढते, मूल होईल की नाही याची धास्ती, औषधांचा खर्च, आणि जिथे लग्न ठरायचे आहे तिथे आजार लपवण्याचा दबाव. खिन्न मन लक्ष देऊ शकत नाही, आणि लक्ष न दिलेले आठवत नाही. नैराश्यावर उपचार केल्याने स्मरण सुधारलेल्या रुग्ण मी पाहिल्या आहेत. त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून घरी पाठवले असते तर त्या सुधारल्या नसत्या.

एक कारण आपल्या देशात विसरून चालणार नाही. ल्युपसची बरीचशी औषधे प्रतिकारशक्ती दडपतात आणि आपल्याकडे क्षयरोग घरोघरी आहे. अशा रुग्णाला दोन-तीन आठवडे डोके दुखत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, उलट्या होत असतील, आणि घरच्यांना 'ही जरा वेगळीच वागते' असे वाटत असेल, तर मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग नाही ना याची खात्री ताबडतोब करून घ्यावी लागते. हे धुके निराळे आहे. त्यात एकेक दिवस मोलाचा असतो. तसेच अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, फेफरे येणे, एका दिवसात वेळ-काळाचे भान सुटणे, भास होणे, यांपैकी काही घडले तर औषधाच्या दुकानात चौकशी करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

उलट, महिनोन्‌महिने कमीजास्त होणारे, शब्द अडणारे, कामे मागे पडणारे विस्मरण हे घाबरण्याचे लक्षण नाही. "मला अल्झायमर होणार का?" असे तिशीतल्या मुली विचारतात. ल्युपसमधील हा बिघाड बहुतेक रुग्णांत वर्षानुवर्षे सतत वाढत जाणारा नसतो. तो स्थिर राहतो किंवा चढउतार होतो. अल्झायमरचा रुग्ण आपण विसरतो हेच हळूहळू विसरतो, ल्युपसची रुग्ण मात्र आपल्या प्रत्येक चुकीची बोचरी जाणीव बाळगून असते. एमआरआय पुष्कळदा सामान्य येतो, आणि तो सामान्य आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशासाठी वापरली जाणारी तीस गुणांची छोटी तोंडी परीक्षा शिकलेली तरुण स्त्री सहज उत्तीर्ण होते. नोकरीवर परिणाम होण्याइतकी अडचण असेल तर मानसशास्त्रज्ञांकडून सुमारे तासाभराची सविस्तर चाचणी करून घ्यावी.

औषध आहे का? अल्झायमरच्या आजारात दिली जाणारी मेमंटिन ही गोळी ल्युपसच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील त्या अभ्यासात उल्लेखनीय फायदा दिसला नाही. तेव्हा या विस्मरणावर एखादी खास गोळी आज नाही. बाजारात मिळणाऱ्या 'बुद्धिवर्धक' बाटल्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे, त्या विकत घेऊ नयेत. त्यांतही 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून जे काढे आणि गोळ्या विकल्या जातात त्यांपासून ल्युपसच्या रुग्णाने विशेष दूर राहावे. ज्या शक्तीने आधीच घरावर चाल केली आहे तिला आणखी खाऊपिऊ घालणे शहाणपणाचे नाही. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि गुळवेलीमुळे सुप्त स्वप्रतिरक्षा विकार उफाळून येत असावा अशी शंका व्यक्त केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद वैद्यांना आणि डॉक्टरांना लखलाभ. ल्युपस असलेल्या घराने तो प्रयोग स्वतःवर करून पाहू नये.

या विस्मरणातला खरा धोका मात्र फार जवळचा आहे. जी सगळे विसरते ती गोळीही विसरते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपसच्या उपचारांचे मूळ औषध. २०२० च्या मार्चमध्ये करोनावरचा उपाय म्हणून त्याचा गाजावाजा झाला, निर्यातीवर बंदी आली, चिठ्ठीशिवाय विक्री थांबली, आणि ज्यांना ते रोज लागते अशा रुग्णांना ते दुकानादुकानांत शोधत हिंडावे लागले. त्या दिवसांत लोकांना त्याची किंमत कळली. एरवी ते इतके मुकाट्याने काम करते की चुकले तरी कळत नाही. शरीरातून ते निम्मे होण्यास सुमारे चाळीस दिवस लागतात; त्यामुळे दोन दिवस गोळी राहिली तर काहीच होत नाही, आणि हीच फसगत आहे. आठवड्यातून तीन-चार गोळ्या अशा चार-सहा महिने हुकल्या की आजार उसळतो. मग स्टिरॉइड वाढते, झोप जाते, विस्मरण वाढते आणि आणखी गोळ्या हुकतात. हे चक्र कुठेतरी तोडायचे असेल तर ते इथेच तोडावे.

त्यासाठी औषधाच्या दुकानात आठवड्याच्या सात कप्प्यांचा डबा मिळतो. तो आणावा, रविवारी भरावा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने रात्री एकदा उघडून पाहावा. 'घेतलीस का?' असे विचारू नये, कारण तिला खरोखरच आठवत नसते आणि भांडण नको म्हणून ती हो म्हणते. कप्पा रिकामा आहे की नाही एवढे पाहावे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो; ती तारीखही दिनदर्शिकेवर आताच लिहून ठेवावी.

बाकीच्या युक्त्या साध्या आहेत. किल्ली, चष्मा, फाइल यांची जागा एकच. डोक्याचे काम सकाळी, थकवा येण्यापूर्वी. एका वेळी एकच काम; पोळ्या लाटत असताना तिला वीजबिलाचा शेवटचा दिवस सांगू नये, सांगितलाच तर कागदावर लिहून द्यावा. शब्द अडला तर चटकन पुरवून मोकळे होऊ नये, दोन क्षण थांबावे. रोज अर्धा तास चालणे थकव्यावर उपयोगी पडते, परंतु सूर्य वर येण्याआधी किंवा मावळल्यावर, कारण उन्हाने ल्युपस चाळवतो. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत दुपारभर काम करणाऱ्या बायकांना हे सांगताना मला संकोच वाटतो. ऊन टाळा म्हणणे म्हणजे मजुरी सोडा म्हणणे. निदान पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला रुमाल, आणि शक्य तिथे सावलीतले प्रतवारीचे किंवा पेटी भरण्याचे काम मुकादमाकडे मागून घ्यावे. मुकादमाला डॉक्टरांचे पत्र हवे असेल तर ते आम्ही देतो.

नोकरदार रुग्णांनी आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलींनीही असे पत्र मागावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ल्युपसचे नाव नाही, त्यामुळे सवलत हक्काने मिळतेच असे नाही; पण मुख्याध्यापक किंवा साहेब समजूतदार असतील तर तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना आणि कामात थोडा अधिक वेळ एवढे कायद्यावाचूनही मिळते.

पुढील तपासणीला जाण्यापूर्वी पंधरा दिवस एक वही ठेवा. विसरलेली गोष्ट, तारीख, आदल्या रात्रीची झोप, त्या दिवशीचे दुखणे आणि हुकलेली गोळी, एवढेच लिहायचे. संधिवाततज्ज्ञांना भेटायला आपल्यापैकी अनेक जणी पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातात, चार तास रांगेत बसतात आणि आत दहा मिनिटे मिळतात. त्या दहा मिनिटांत आपण काय विचारायला आलो होतो तेच नेमके आठवत नाही. वही असली की ती डॉक्टरांपुढे ठेवता येते, आणि ती खुर्चीत बसल्या बसल्याच ठेवावी.